अळणी, रटाळ, भकास

हिंगोली शहरात अलीकडे अभ्यासिका बऱ्याच झाल्या आहेत. पोलीस भरती, तलाठी, ग्रामसेवक, एमपीएससी अशा परीक्षांची तयारी करणारी खेड्यापाड्यांतली मुलं-मुली सकाळपासून रात्रीपर्यंत तिथं बसलेली असतात. टेबलावर वाळंबेंचं व्याकरण, शेजारी डबा आणि पाण्याची बाटली, समोरच्या भिंतीवर समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या. नात्यातल्या एका मुलीची वही चाळताना मला त्यात ही ओळ दिसली : 'नीरस – रुक्ष, शुष्क, बेचव, रटाळ, कंटाळवाणे.' खाली लाल शाईच्या दोन रेघा. म्हणजे हमखास विचारला जाणारा प्रश्न.

परीक्षेपुरती ती ओळ बरोबरच आहे. पण बोलण्यात यातले कुठलेही दोन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. रुक्ष माणूस दोन वाक्यांत बोलणं आटोपतो आणि पाठ फिरवतो. रटाळ माणूस दोन तास हात सोडत नाही. बेचव भाजीला भरपूर रस्सा असू शकतो. उन्हाळ्यात कयाधूचं पात्र शुष्क पडतं, तेव्हा नदीला कोणी रटाळ म्हणत नाही. पात्रात खड्डे खोदून पाणी शोधणाऱ्यांना तर ती कंटाळवाणीही वाटत नाही. कंटाळा यायला आधी पोट भरलेलं आणि घागर भरलेली लागते.

हे शब्द शिकायचे कसे, हा प्रश्न मला त्या वहीपासून लागून राहिला आहे. मन न रमणाऱ्या गोष्टीसाठी मराठीत एक शब्द नाही, मोठा गोतावळा आहे. आणि त्यातला प्रत्येक शब्द त्या गोष्टीत नेमकं काय उणं आहे किंवा काय जास्त झालं आहे ते सांगतो. अळणीत मीठ नाही. नीरसात रस नाही. रुक्षात ओल नाही. रटाळात लांबण जास्त आहे. पाणचटात पाणी जास्त आहे. शब्द ऐकला की दुरुस्ती कुठं करायची ते कळतं. आमच्या मुलांच्या तोंडी मात्र आता या सगळ्यांच्या जागी एकटा 'बोअर' आहे. तास बोअर, पिक्चर बोअर, लग्न बोअर, गाव बोअर. शब्द बाहेरून आला म्हणून माझी तक्रार नाही. हिंगोली १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, सरकारी कारभार उर्दूत चालायचा, आणि बेजार, बेरंग हे शब्द आमच्या बोलीत असे मुरले की आज ते परके आहेत हे सांगावं लागतं. तापानं माणूस बेजार होतो, सुनेच्या बोलण्यानं सासू बेजार होते, मोंढ्यात भाव पडला की शेतकरी बेजार होतो. त्या शब्दानं आम्हाला काही दिलं. 'बोअर' म्हटल्यावर मीठ घालायचं की लांबण कापायची, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. शिवाय मराठवाड्याच्या खेड्यात 'बोर' म्हणजे आधी पाणी. 'बोरला पाणी लागलं का?' हा प्रश्न आमच्याकडे श्वास रोखून विचारला जातो.

या गोतावळ्यातले अर्धेअधिक शब्द चुलीपाशी जन्मले. अळणी हा संस्कृत अलवणाचा आपला घरगुती अवतार. सपक म्हणजे तिखटा-मसाल्यावाचूनचं. मिळमिळीत हा त्याहून वेगळा : त्यात मीठ असेल, तिखटही असेल, पण एकही चव पुढं येऊन उभी राहत नाही. मराठवाड्यातल्या लग्नात येसराची आमटी असते. धान्य आणि मसाले भाजून कुटलेला येसर, वर तेलाचा तवंग. ती आमटी पानात पडली की पंगतीतली जाणती बायकामंडळी पहिल्या भुरक्यालाच निकाल देतात, आणि तो निकाल कधीही 'चांगली नाही' असा मोघम नसतो. 'सपक झाली' म्हणजे तिखट कमी. 'पाणचट झाली' म्हणजे ऐनवेळी पाहुणे वाढले आणि आचाऱ्यानं पाणी ओतलं. 'अळणी राहिली' म्हणजे तो मीठ घालायचं विसरला. एका घासात कारणापर्यंत पोचणारी ही समीक्षा आहे. पुस्तकांची परीक्षणं लिहिणाऱ्यांनी या पंगतीत एकदा बसावं असं मला मनापासून वाटतं. कादंबरी 'वाचनीय नाही' असं आपण लिहितो, तेव्हा ती सपक आहे, पाणचट आहे की नुसतीच मिळमिळीत आहे, हे लेखकाला कसं कळायचं?

आणि सपक हा नेहमी दोषही नसतो. तापातून उठलेल्या माणसाला आमच्याकडे सपक वरण आणि मऊ भात देतात. बाळंतिणीच्या ताटात तिखट नसतं. ते जेवण घरातल्या इतरांना नको वाटतं, पण ज्याच्यासाठी शिजवलं त्याला तेच मानवतं. त्यात कोणीतरी ठरवून तिखट वगळलेलं असतं. शब्द तोच, पण एका ताटात उणीव आणि दुसऱ्या ताटात काळजी. यादीतल्या शब्दापुढं हे कुठं लिहायचं, मला माहीत नाही. पण शिकणाऱ्याला ते कळायला हवं.

दुसरे शब्द कष्टातून आले, आणि ते मला जास्त जवळचे आहेत. कोणी तेच तेच बोलत राहिला की आपण म्हणतो, दळण लावलं. बोलणं संपेना झालं की म्हणतो, गुऱ्हाळ घातलं. कथा लांबतच गेली की म्हणतो, चऱ्हाट वळलं. जात्यावर पायली-पायलीनं धान्य दळणं, काहिलीत उसाचा रस तासन्‌तास आटवत त्यावरची मळी काढत बसणं, अंबाडीच्या वाखाला पीळ देत हातभर-हातभर दोर वाढवणं : ही तिन्ही कामं एकसुरी. ज्यांनी ती केली त्यांनीच कंटाळवाण्या बोलण्याला ही नावं दिली असणार, कारण तो एकसूर त्यांच्या खांद्यांना ठाऊक होता. वसमतच्या ऊसपट्ट्यात ज्यानं रात्रभर गुऱ्हाळावर जाळ घातला आहे, त्याच्या तोंडून 'काय गुऱ्हाळ लावलंय' हे ऐकताना त्या शब्दाचं वजन वेगळं लागतं.

पण इथंच एक विलक्षण गोष्ट दिसते. ज्या दळणाचं नाव आपण कंटाळ्याला दिलं, त्याच दळणातून मराठीतला गाण्यांचा फार मोठा साठा निघाला. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना, एकच खुंटा गोल फिरवणाऱ्या बायकांनी या रचल्या. माहेर, भाऊ, लेक, पंढरीची वाट, नवऱ्याचा मार, दुष्काळ, सगळं त्यात आलं. गिरणी आली, जातं थांबलं, हातांची सुटका झाली. ती व्हायलाच हवी होती. ओव्या मात्र कामाच्या लयीवर उभ्या होत्या. काम गेलं तसं त्यांचं उगमस्थानही गेलं. मी जात्याचे दिवस परत यावेत असं म्हणणार नाही. ज्यांनी दळलं त्यांच्यापैकी कोणीही म्हणणार नाही.

ही परंपरा आमच्या मुलखाला तर फारच जवळची आहे. नामदेवांचा जन्म परंपरेनुसार १२७० सालचा, आणि गाव हिंगोलीजवळचं नरसी. त्यांना गुरू भेटले ते औंढा नागनाथला, विसोबा खेचर. नामदेवांच्या घरात राबणारी जनाबाई शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेण : तिच्या वाट्याला आलेली कामं कोणत्याही काळात कोणी हौसेनं मागून घेतली नसती. तिच्या अभंगांत विठ्ठल येतो तो राउळातून उठून तिच्या जात्यापाशी. नामदेवांची वाणी पंजाबात पोचली, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि या गोष्टीचा आम्हाला योग्य तो अभिमान आहे. पण मला स्वतःला जनाबाईचा आधार अधिक वाटतो. तिनं काम गोड आहे असं खोटं सांगितलं नाही. काम तेवढंच राहिलं, तिनं त्यात सोबत आणली. एकटेपण हेच त्या कामातलं उणेपण होतं, आणि ते तिनं अचूक ओळखलं.

आमच्या घरी असं एकसुरी काम म्हणजे हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मोंढ्यात भाव गाजतात, पिवळ्या ढिगांचे फोटो छापून येतात. मळ्यातली हळद मात्र फोटोत दिसते तशी नसते. मे-जूनमध्ये बेणं लावायचं आणि आठ-नऊ महिने सांभाळायचं. पाला कापायचा, जमीन उकरायची, माती झटकायची, गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. मग शिजवण. पूर्वी काहिलीत, आता वाफेच्या कुकरात. शिजली की उन्हात पसरायची. पंधरवडाभर तेच : सकाळी पसर, दुपारी पाय घालून उलथ, संध्याकाळी गोळा कर, दव पडू नये म्हणून झाक. शंभर किलो ओली हळद वाळून वीस-पंचवीस किलोवर येते. वाळली की नाही ते पाहायला हळकुंड मोडायचं; खट्‌ असा कोरडा आवाज आला पाहिजे. आणि इतकं करून हातात येतं ते मातकट, खवल्याखवल्यांचं, रंग नसलेलं हळकुंड. ढोलात घालून घासल्यावर, पॉलिश झाल्यावरच बाजाराला हवा तो पिवळा झळकतो.

या पसरण्या-उलथण्याच्या दिवसांत मी लहानपणी कंटाळून खळ्याच्या कडेला बसायचो. माय कामातून मान वर न करता म्हणायची, "कटाळा आला तर बस घडीभर. पण कटाळा करू नको." तेव्हा मला ते एकच वाटायचं. कंटाळा येणं आणि कंटाळा करणं यांत मराठीनं केवढं अंतर ठेवलं आहे, हे फार उशिरा लक्षात आलं. येतो त्याला इलाज नाही. भूक येते, झोप येते, तसा तोही येतो, आणि त्याबद्दल मायनं मला कधी बोल लावला नाही. करतो त्याची जबाबदारी आपली. खळ्यावरच्या बाईनं एका वाक्यात मुलाला विसावाही दिला आणि हद्दही आखून दिली. तिची शाळा दुसरीपर्यंतच झाली होती.

कंटाळ्याच्याच घरातले आणखी दोन शब्द आहेत. वीट आणि उबग. कापडाचा रंग विटतो, तसं मनही विटतं : गोष्ट वाईट नव्हती, फार वापरली गेली. सणाच्या चौथ्या दिवशी पुरणपोळीचा वीट येतो, पहिल्या दिवशी येत नाही. उबग त्याच्या पुढची पायरी. तिथं नुसतं मन उडत नाही, किळस येते. राजकारणाचा वीट आला की माणूस पेपर मिटतो, उबग आला की मतदानाला जात नाही. १९६३ च्या 'कोसला'पासून मराठी कादंबरीनं तरुणाच्या मनातली ही पोकळी फार गंभीरपणे पाहिली. खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेला 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर साध्या कंटाळ्यानं त्रासलेला नाही. त्याला कशाचाच अर्थ लागत नाही. हिंगोलीच्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षं जागा निघायची वाट पाहणारा मुलगा 'बोअर होतंय' म्हणतो, तेव्हाही बहुतेक वेळा तो कंटाळलेला नसतो. तो खचलेला असतो. योग्य शब्द न मिळाल्यानं घरचे म्हणतात, मोबाइल ठेव, मन रमेल.

गावांनाही असेच शब्द चिकटतात. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. तालुके पाच. पुण्या-मुंबईत नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "तिकडे पाहण्यासारखं काय आहे?" औंढ्याचं ज्योतिर्लिंग सांगितलं की बोलणं संपतं. उन्हाळ्यात रस्त्यावरून जाणारा माणूस आमच्या माळांकडे बघून म्हणतो, काय भकास मुलूख आहे. त्याला मी हा शब्द देणार नाही. मुरमाड म्हणा, उघडा म्हणा, रुक्ष म्हटलं तरी चालेल, कारण ओल खरोखर कमी आहे. पण भकास म्हणजे जिथं माणसं असायला हवीत आणि नाहीत. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून गेलेल्या तांड्यावर दारांना कुलपं लागतात, म्हातारी माणसं आणि शेळ्या मागं राहतात, शाळेचा पट अर्धा होतो. तेव्हा तो तांडा भकास दिसतो. ते भकासपण निसर्गानं आणलेलं नाही. त्याचं कारण मजुरीत आणि पाण्यात आहे, आणि शब्द नीट वापरला तर ते कारण झाकलं जात नाही.

ज्या सपाट माळाला पाहण्यासारखं काही नाही म्हणून हिणवलं गेलं, त्यातलाच एक तुकडा शास्त्रज्ञांनी उघड्या डोळ्यांनी निवडला. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावापाशी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. एकमेकींशी काटकोनात, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आत निर्वात पोकळी आणि लेसरचा किरण. तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली; एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीनं अवकाशाला जो थरकाप होतो, तो इथं पोचेपर्यंत प्रोटॉनच्या आकाराच्या सुमारे हजाराव्या हिश्शाएवढा उरतो. तो टिपायचा तर जमिनीची रोजची गुणगुण कमी लागते. रेल्वे, मालमोटारी, खाणीतले सुरुंग, कारखान्याची यंत्रं, यातलं काहीही जवळ नको. अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या वेधशाळेत एका पाइपवर जमलेल्या बर्फाला डोमकावळे चोच मारत, आणि त्या टकटकीची खूण नोंदीत उमटली होती. जिथं काही घडत नाही अशी जागा शोधताना ही माणसं आमच्या जिल्ह्यात आली.

आमची जमीन अगदीच निवांत आहे असं मात्र नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातली माणसं वर्षानुवर्षं जमिनीतून येणारे गूढ आवाज ऐकत आली आहेत, आणि १० जुलै २०२४ च्या सकाळी ४.५ तीव्रतेच्या धक्क्यानं लोक घराबाहेर धावले. पण भूकंप येतो आणि थांबतो. वेधशाळेला खुपते ती न थांबणारी खडखड. ज्या लहरीनं हे नवं शास्त्र सुरू झालं, ती १४ सप्टेंबर २०१५ ला सापडली. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेली ती खूण नोंदीत सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढी होती. तिच्या आधी वर्षानुवर्षांची नोंद, जिच्यात पाहण्यासारखं काही नाही. ती नोंद कोणीतरी रोज तपासली, आणि कंटाळा केला नाही.

दुधाळ्याच्या आसपास आता जमिनीचे भाव, नोकऱ्या आणि रस्ते यांची चर्चा आहे. ती असायलाच हवी. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्या मुलांना त्या वेधशाळेत पहारेकऱ्यापलीकडची कामं मिळाली पाहिजेत, आणि त्यासाठी विज्ञान त्यांना मराठीतून नीट शिकवलं गेलं पाहिजे. नुसत्या पाठांतरानं ते होणार नाही. तिथल्या कामात गोंगाट, खडखड, गुणगुण, थरकाप आणि कंप यांतला फरक करावा लागतो. ज्या मुलाला सपक आणि अळणी यांतला फरक घरात कळलेला आहे, त्याला तो फरक करायची सवय आधीच लागलेली असते.

म्हणून जिल्ह्यातल्या शिक्षकांना एक विनंती करतो. जानेवारी ते मार्च हळद काढणीच्या दिवसांत तुमच्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी असतात. ही मुलं परत येतील तेव्हा त्यांना 'माझा आवडता सण' लिहायला देऊ नका. त्यांना विचारा : या कामातला नकोसा वाटणारा भाग कोणता, त्याला तुमच्या घरी काय म्हणतात, आजी त्याला काय म्हणते? बंजारा मुलाला त्याच्या घरच्या बोलीत विचारा, आंध मुलाला त्याच्या बोलीत विचारा. जे शब्द येतील ते फळ्यावर लिहा, शेजारी प्रत्येकात काय कमी आहे किंवा काय जास्त आहे ते मुलांनाच सांगू द्या, आणि वर्गाच्या वहीत उतरवून ठेवा. या वर्षीच करा, कारण जातं ओढलेल्या बायका आता ऐंशीच्या पुढं गेल्या आहेत.